पिपाची बैठक

"इनास, रंधा थांबव जरा," बा ओसरीवरून म्हणाले. "उंची किती धरलीस?"

"गुडघ्याच्या वर चार बोटं."

"बरोबर आहे. आणि लाकूड?"

"फणस."

"गाठी बघितल्यास?"

"बघितल्या बा. तुम्ही गप पडून राहा ना. डॉक्टरांनी मान हलवू नका म्हणून सांगितलंय."

"मान कुठे हलवतोय? तोंड हलवतोय."

मी रंधा पुन्हा फळीवर घातला. बांच्या डाव्या डोळ्यात ऐन तरुणपणी लाकडाची कपची उडाली होती, तो डोळा तेव्हाच गेला. उजव्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आदल्या सोमवारी झालं होतं आणि त्यावर ही जाड पट्टी. ती पुढच्या बुधवारपर्यंत सोडायची नव्हती. चाळीस वर्षं लाकूड बघूनच बोलणारा माणूस, आता आवाजावरून बोलत होता. रंधा अडखळला की खोकायचे. करवत तिरकी चालली की म्हणायचे, "कुठे निघालास?"

ही गोष्ट एकोणऐंशी सालच्या मार्चमधली. वसईच्या समुद्रकाठच्या आमच्या गावात आमचं घर एका कामासाठी ओळखलं जायचं. घरात कोणी गेलं की लोक आधी चर्चमध्ये घंटा वाजवायला सांगत आणि तिथून थेट आमच्याकडे येत. बा शवपेट्या करायचे. पलंग, दारं, खिडक्या हेही करायचे, पण गावाच्या तोंडी आमचं घर म्हणजे मयताच्या सुताराचं घर. माझी आई मी अकरा वर्षांचा असताना गेली. तिचीही पेटी बांनीच केली. तेव्हापासून घरात आम्ही दोघं पुरुष आणि लाकडाचा भुसा.

आणि आता माझं लग्न ठरलं होतं. खाडीपलीकडच्या मनवेल रुमावांच्या बेनीशी, म्हणजे बेनेदिताशी. ईस्टरनंतरच्या रविवारी.

रुमावांच्या घराची एक रीत होती. इतर कुणाकडे मी ती बघितली नाही. मुलीचं लग्न ठरलं की बेनीची आजी, कोंसूआजी, स्वतःच्या हाताने वाईन घालायची. त्यांच्याकडे ओकच्या लाकडाचं एक जुनं पीप होतं. ते भरलेलं पीप लग्नाआधी चार-पाच आठवडे नवऱ्यामुलाच्या घरी जायचं, तिथे निवांत पडून राहायचं आणि लग्नाच्या दिवशी त्याची तोटी उघडायची. पण त्या पिपाला बसायला बैठक मात्र नवऱ्यामुलाने स्वतः करायची. विकत आणायची नाही, कुणाची उसनी घ्यायची नाही. पीप पाठवण्याआधी आजी स्वतः येऊन बैठक बघणार. तिला पटली तर पीप निघणार. नाही पटली तर?

"तसं आजवर झालेलं नाही," मनवेलकाका मला म्हणाले होते. म्हणाले ते अशा सुरात, की माझ्यापासून सुरुवात व्हायला त्यांची काही हरकत नसावी.

मनवेलकाका केळीचे व्यापारी. मोजकं बोलणारे, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारे. हे लग्न त्यांच्या मनात नव्हतं. बेनीने हट्ट धरला आणि आजीने "पोरगा टाळ ताला-सुरात धरतो, संसारही धरील" असं म्हटलं, म्हणून जमलं. जमलं त्या दिवशी काकांनी मला चर्चच्या विहिरीपाशी बाजूला घेतलं.

"एक सांगतो. लग्न झालं की ते काम बंद. पलंग कर, कपाटं कर. पण मयताच्या पेट्या नाहीत. माझ्या मुलीने सकाळी उठून ओसरीवर काय बघायचं?"

"बरं काका."

"शब्द?"

"शब्द."

इतक्या झटकन मी तो शब्द दिला, की मलाच माझं नवल वाटलं. तेव्हा डिसेंबर होता. मार्च उजाडला तरी बांना मी त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. उद्या सांगू, ऑपरेशन होऊ दे मग सांगू, पट्टी सुटू दे मग सांगू, असं चाललं होतं.

आजी रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर येणार होती. मी गुरुवारी कामाला बसलो. आणि नेमका गुरुवारीच गावात कीर्तनाला रंग चढायला सुरुवात झाली.

संत योसेफ हा आम्हा सुतारांचा संत. त्याच्या सणाला दरवर्षी नगरकडून ख्रिस्ती कीर्तनकार शांतवनबुवा यायचे. सण सोमवारी, पण कीर्तन गुरुवारपासून रोज संध्याकाळी चर्चच्या अंगणात. डोक्याला फेटा, गळ्यात झेंडूचा हार, हाराच्या मध्यावर छोटा लाकडी क्रूस. एकदा बुवा चिपळ्या घेऊन उभे राहिले की आमचे दर्यावरून आलेले दमलेले लोकही जागचे हलत नसत. मी त्यांच्या मागे टाळकरी. वयाच्या बाराव्या वर्षापासून. खरं सांगायचं तर आई गेल्यानंतरचं ते पहिलं वर्ष मी त्या टाळांच्या आवाजात काढलं. माणसाला रडू येत असेल आणि रडायची लाज वाटत असेल, तर त्याने कीर्तनात जाऊन बसावं. तिथे सगळ्यांचेच डोळे ओले असतात, कोणी कोणाला विचारत नाही.

त्या गुरुवारी बुवांनी नवं ध्रुपद आणलं होतं. अगदी साधं:

*भार घे रे, भार घे,*
*सुताराच्या लेका, माझा भार घे.*

बस, एवढंच. पण बुवांनी ते तीन वेगवेगळ्या चालींत फिरवलं आणि चौथ्यांदा सगळं अंगण गायला लागलं. घरी येताना मी तेच गात आलो. शुक्रवारी सकाळी करवत उचलली ती त्याच तालात. रंधा जाताना 'भार घे', येताना 'भार घे'. मन अंगणात, हात लाकडात. जोडाचे कुसू काढले, ते बसायला खाचा पाडल्या, पाय जरा बाहेर फाकवले म्हणजे डगमगणार नाहीत. वरच्या दोन लांब पट्ट्या दोन्ही टोकांना वीतभर पुढे काढल्या आणि त्यांची टोकं गोल घासली, म्हणजे चौघांना धरून उचलता येईल. मध्ये दोन आडव्या पट्ट्या, सपाट, पाणी ओतलं तर चारी बाजूंना सारखं पसरावं अशा. शनिवारी दुपारी सगळं जुळवून झालं. देवाचं नाव असावं म्हणून पुढच्या पट्टीवर पटाशीने बोटभर क्रूस कोरला. एवढं सुबक काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं. कुठे हात अडखळला नाही, एकदाही माप पुन्हा घ्यावं लागलं नाही.

मी मागच्या पडवीत गात गात तेल चोळत होतो, तेव्हा शेजारचा पास्कू कुंपणाशी थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, बैठकीकडे पाहिलं, टोपी काढली, क्रूसाची खूण केली आणि मान खाली घालून निघून गेला. मला वाटलं, माझ्या गाण्याचा परिणाम.

एक काम मात्र मी गाणं थांबवून केलं. ओसरीवर तयार तीन पेट्या उभ्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी बा डुलकी घेत होते, तेव्हा मी त्या एकेक करून मागे केळीच्या बागेत ओढत नेल्या आणि वर सुकी पानं टाकली.

"काय सरकवतोस?" बांचा आवाज आला.

"लाकडं बा."

"बरं."

रविवारी सकाळी मी मिस्साहून आल्यावर बांनी दाढी करून घेतली, माझ्याकडून. धुतलेला सदरा घातला. मग म्हणाले, "मला तिथपर्यंत ने. पाहुणे यायच्या आत माझ्या सुनेच्या पिपाची जागा मला बघू दे."

"बघू दे" असंच म्हणाले. मी त्यांचा हात धरून त्यांना खोलीच्या मध्यावर नेलं. बैठक तिथे मांडली होती, खिडकीतून ऊन पडत होतं, फणसाचं लाकूड पिवळंधमक दिसत होतं. मी मागे सरून उभा राहिलो. कौतुक ऐकायला म्हणा ना.

बा वाकले. आधी पायाला हात लावला. पायाचा कल बोटांनी मोजला. मग वरच्या पट्टीवरून तळवा फिरवत टोकापर्यंत गेले, गोल घासलेलं टोक मुठीत धरलं, सोडलं. दुसऱ्या बाजूला गेले, तिथलंही धरलं. आडव्या पट्ट्या चाचपल्या. शेवटी त्यांचं बोट क्रूसावर आलं आणि तिथेच थांबलं.

ते सावकाश ताठ झाले. आवाज अगदी हळू होता.

"कोण गेलं रे, इनास?"

"म्हणजे?"

"कोणासाठी केलीस ही? मला सांगितलं नाहीस. जवळचं कोणी आहे का?"

"बा, ही पिपाची बैठक."

मी बैठकीकडे पाहिलं. आणि तेव्हा मला ती पहिल्यांदा दिसली.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, गुडघ्याच्या वर चार बोटं. फाकलेले पाय. चौघांनी धरायची चार टोकं. पुढे क्रूस. ती मयताची घोडी होती. पेटी घरात दर्शनाला ठेवायची आणि मग तीच उचलून चर्चपर्यंत न्यायची, ती घोडी. बांच्या हाताखाली मी तशा साठ-सत्तर केल्या असतील. माझं डोकं तीन दिवस कीर्तनात होतं आणि हातांनी, त्यांना जे येत होतं, ते करून ठेवलं होतं.

"अरे देवा," मी म्हणालो.

"काम चांगलं झालंय," बा म्हणाले. त्यांचे ओठ थरथरत होते. हसत होते की काय, मला कळेना.

"बा, आता काय करू? ते येतील एवढ्यात."

"किती वाजले?"

तेवढ्यात बाहेर टांग्याच्या घुंगरांचा आवाज आला.

माणूस घाबरला की काय करील सांगता येत नाही. मी दोरीवरची धुतलेली चादर ओढून आणली आणि त्या घोडीवर टाकली. चादर पांढरी होती. टाकल्यावर दोन पावलं मागे येऊन पाहिलं, तर आधी जी थोडीफार शंका घ्यायला जागा होती तीही गेली होती.

कोंसूआजी दारात आली. ठेंगणी, रुंद, लाल लुगड्यातली, कानात सोन्याचे जाड वेढे. मागे मनवेलकाका. बेनी लग्नाआधी सासरच्या उंबऱ्याच्या आत यायची नाही, म्हणून ती बाहेर जास्वंदीच्या कुंपणाशी थांबली होती. तिथून तिला दारातून सगळं दिसत होतं.

आजीने खोलीच्या मध्यावर पाहिलं आणि तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"दुमिंग," ती बांना म्हणाली, "तुमच्या घरात मयत आहे आणि आम्हाला कोणी कळवलं नाही?"

"मयत नाही हो बाय," बा म्हणाले. "बसा तुम्ही."

"मग हे काय?"

मनवेलकाका पुढे झाले, चादरीचं एक टोक दोन बोटांत धरून त्यांनी उचललं आणि सोडून दिलं. त्यांचा चेहरा गळ्यापर्यंतच्या बटणांसारखाच घट्ट झाला.

"आई, चल."

"थांब रे."

"थांब काय? उतरलीस तशी टांग्यात चढ. ही थट्टा आहे आपली. आपण वाईन पाठवायची आणि यांनी ती तिरडीवर ठेवायची."

"काका, थट्टा नाही," मी म्हणालो. "चूक झाली. देवाशपथ, माझ्या लक्षातच आलं नाही."

"लक्षात आलं नाही? तीन दिवस काम केलंस आणि लक्षात आलं नाही? अरे, तुझ्या हाताला दुसरं काही येतच नाही! म्हणूनच तुझ्याकडून शब्द घेतला होता ना मी? लग्नानंतर हे काम बंद म्हणून. दिला होतास की नाही शब्द? सांग तुझ्या बापासमोर."

बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला.

"शब्द दिला होतास?" बांनी विचारलं. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं होतं, पट्टीसकट.

"होय बा."

"केव्हा?"

"डिसेंबरात."

बांनी मान हलवली. म्हणाले, "म्हणजे शुक्रवारी सरकवलीस ती लाकडं नव्हती."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चाचपत मागे गेले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि दोन्ही हात सदऱ्याला पुसत राहिले. हातांना काही लागलेलं नसताना.

"मनवेल," बा म्हणाले, "पोराने शब्द दिलाय तर तो पाळील. माझ्या कामामुळे लग्न मोडू नका. मी म्हातारा झालोय. माझ्यानंतर बंदच व्हायचं ते आज झालं."

"बा..."

"तू गप."

कोंसूआजी सरळ पुढे गेली, चादर ओढून काढली, तिची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. मग घोडीभोवती एक फेरी मारली. बाजारात म्हैस बघतात तशी. टोक धरून हलवून पाहिलं.

"दुमिंग, हे तुमच्या हातचं नाही."

"नाही. माझे डोळे बांधलेत. पोराचं आहे."

"पण वळण तुमचंच." ती थोडा वेळ क्रूसावर बोट ठेवून उभी राहिली. "माझ्या नवऱ्याला, बालतूला, अशीच होती. आठवतं?"

"आठवतं की. अंगाने मोठा माणूस."

"मोठा? दोन माणसांचा एक होता. सगळे मला म्हणत होते, कोंसू, ती काडीसारखी लाकडं, मोडतील, मयत खाली येईल, लाज जाईल. मी दोन दिवस रडले नाही, नुसती त्या पायांकडे बघत बसले. मोडतात का, मोडतात का. हललेसुद्धा नाहीत. तेव्हा कुठे रडले." ती मनवेलकाकांकडे वळली. "आणि तू सात वर्षांचा. घोडीच्या खाली जाऊन बसलास. कितीही ओढला तरी बाहेर येईना. शेवटी हा दुमिंग ओणवा होऊन खाली गेला आणि अर्धा तास तुझ्याजवळ बसला. त्याला काय बोललास ते मला माहीत नाही."

मनवेलकाका जमिनीकडे बघत होते. "असलं आता कशाला, आई?"

"कशाला म्हणजे? तुला या लाकडाची भीती कुठून लागली ते मला माहीत आहे, म्हणून. बाजूला हो."

आणि आजी घोडीवर बसली.

चांगली टेकून, दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसली. मनवेलकाका "आई!" म्हणून किंचाळले. मी पुढे धावलो. तिने हाताने मला थांबवलं. एकदा डावीकडे झुकली, एकदा उजवीकडे झुकली, मग बसल्या बसल्या दोन उड्या मारल्या. फणसाने हूं की चूं केलं नाही.

"हलत नाही," ती म्हणाली.

बाहेर कुंपणाशी काहीतरी आवाज झाला. बेनीने पदर तोंडात कोंबला होता.

"हे करताना काय करत होतास रे?" आजीने बसल्या बसल्याच मला विचारलं.

"गात होतो आजी."

"काय?"

"बुवांचं ध्रुपद."

"भार घे?"

"भार घे."

"गुरुवारी मी पहिल्या रांगेत होते. तुझा टाळ ऐकला." ती उतरली, लुगडं झटकलं. "मनवेल, मला एक सांग. या पोराने काम सोडलं तर माझी पेटी कोण करणार?"

"असं बोलू नये, आई."

"का बोलू नये? मी काय इथे कायमची राहणार आहे? बाजारातून आणशील माझ्यासाठी? चार खिळे मारलेली? रस्त्यात बूड निसटलं म्हणजे?" ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या खांद्याएवढीसुद्धा नव्हती. "तू मनवेलला शब्द दिलास. आता मला दे. माझी तूच करायचीस."

मी मनवेलकाकांकडे पाहिलं. बांकडे पाहिलं. बांचे हात सदऱ्यावर थांबले होते.

"काका," मी म्हणालो, "तुम्ही शब्द परत घेतलात तरच मला आजीला देता येईल."

काकांनी एक गोष्ट केली, जी मी त्यांना आधी करताना पाहिली नव्हती. गळ्याजवळचं वरचं बटण काढलं.

"पेट्या ओसरीवर नकोत," ते म्हणाले. "मागे पडवीत करा. ओसरीवर माझी मुलगी बसेल."

"चालेल," बा भिंतीपाशी उभ्या उभ्याच म्हणाले. इतक्या लगेच, की आजी हसली.

"झालं," ती म्हणाली. "आता कामाचं बोला. ही बैठक मजबूत आहे, पण उपयोगाची नाही."

"का हो बाय?"

"का काय? मेलेला माणूस लोळत नाही, दुमिंग. पीप लोळतं! या सपाट पट्ट्यांवर ते ठेवलंत तर लग्नाच्या आधीच खाडीपर्यंत पोचेल."

या वेळी बेनीचं हसू पदरात मावलं नाही. कुंपणावरून सरळ खोलीत आलं. आणि मग बा हसले. पोट धरून, भिंतीवर डोकं टेकवून हसले. "मान हलवू नका" असं मी म्हणायच्या आधीच त्यांची मान दहा वेळा हलली होती. मनवेलकाकांनी तोंड वळवून खिडकीबाहेर पाहिलं, पण त्यांची पाठ हलत होती.

आजीने कमरेच्या पिशवीतून दोन सुतळ्या काढल्या. एकीला एक गाठ, दुसरीला दोन. "ही पोटाची, ही टोकांची. पोटाखाली काही टेकवायचं नाही, पीप आपल्या टोकांवर निजतं. लक्षात ठेव." म्हणजे ती बैठक नापास करायला आली नव्हती. मापं घेऊनच आली होती.

"घोडी केलीच आहेस," बा म्हणाले, "तर तिला खोगीर घालू. इनास, फणसाची जाड फळी उरलीय ना? दोन तुकडे काप. सुतळी माझ्या हातात दे."

टोकांच्या सुतळीचा गोल त्यांनी फळीवर मांडला, अंगठ्याने कमान आखली आणि मी त्यांच्या अंगठ्यामागून खडूची रेघ ओढत गेलो. जाड फळी कापायला दोघांची करवत लागते. मी एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकासाठी इकडेतिकडे पाहायला लागलो. मनवेलकाकांनी बाह्या दुमडल्या.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"ओढायचंच फक्त," बा म्हणाले. "ढकलायचं नाही. ते पलीकडचा करतो."

पहिली पाच मिनिटं करवत नुसती अडत होती. मग आजी पाटावर बसल्या बसल्या टाळी देत म्हणायला लागली, *भार घे रे, भार घे*. आणि करवत चालू लागली.

दुपारपर्यंत दोन खोगिरं झाली. अर्धचंद्रासारखी, घोडीच्या दोन आडव्या पट्ट्यांवर घट्ट बसणारी. मी खिळे घेतले तर बा म्हणाले, "खिळे नकोत."

"मग कशाने बसवू?"

"खाच कर. वरून दाबलं की बसलं पाहिजे, आणि ओढलं की निघालं पाहिजे."

"कशाला निघायला पाहिजे बा? पीप तर वर असणार."

"मी सांगतो तसं कर."

मी केलं.

त्या संध्याकाळी कीर्तनाला आम्ही सगळे गेलो. बा पहिल्यांदाच खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसले, मनवेलकाकांच्या शेजारी. बुवांनी ध्रुपद धरलं आणि माझा टाळ दोनदा चुकला. बुवांनी मागे वळून पाहिलं. मी नुसता हसत होतो. डिसेंबरपासून छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं होतं, आणि त्या जागी काय ठेवावं हे मला अजून कळत नव्हतं.

मंगळवारी पीप आलं. बुधवारी बांची पट्टी सुटली आणि त्यांनी पहिली गोष्ट पाहिली ती हीच, घोडीवर निजलेलं पीप. "दिसतंय बरं," एवढंच म्हणाले. लग्नात वाईन सगळ्यांना पुरली. तोटी आजीने उघडली.

यानंतर आजी अकरा वर्षं जगली. पीप आमच्याकडेच राहिलं. "ज्याची बैठक चांगली, त्याच्याकडे पीप," असं तिनेच ठरवून टाकलं. दर नाताळाला यायची, पीप पुन्हा भरायची, थोपटायची आणि मला विचारायची, "माझं लाकूड बघून ठेवलंस का?" मी म्हणायचो, "बघतोय आजी, घाई काय?" मग ती बेनीला म्हणायची, "तुझा नवरा कामचुकार आहे."

ती गेली तेव्हा मनवेलकाका स्वतः आले. दारात उभे राहिले, वरचं बटण उघडं होतं. म्हणाले, "इनास, आई गेली. तिची पेटी."

मी रात्रीतून नाही, दिवसभर लावून केली. सागाची. मग म्हणालो, "काका, घोडीसाठी थोडा वेळ लागेल. नवी करावी लागेल."

"नवी कशाला?" काका म्हणाले. "तिने मला सांगून ठेवलंय. माझ्या वेळेला पीप खाली उतरवा, म्हणाली, दोन दिवस मला तिथे जागा द्या आणि मग परत चढवा."

आम्ही दोघांनी पीप उतरवलं. मी खोगिरांना हात घातला. ओढलं, तर दोन्ही एकेका हिसक्यात निघून आली. खाली घोडी जशी होती तशी होती. चार टोकं, फाकलेले पाय, पुढे क्रूस. बा तेव्हा थकून अंथरुणाला खिळले होते. आतून त्यांचा आवाज आला, "निघाली का?"

"निघाली बा."

"मग झालं."

दोन दिवसांनी चर्चहून परतल्यावर घोडी धुवून पुसली. खोगिरं दाबून बसवली. मनवेलकाकांनी एक बाजू धरली, मी एक, आणि पीप पुन्हा चढवलं. हललं नाही.

बेनीने तोटी उघडली आणि पहिला पेला आजीच्या नावाने बापाच्या हातात दिला.